जंतांची गोळी: पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी

आमच्या चिंगीला पहिल्यांदा जंतांची गोळी दिली तेव्हा मी तिचं वजन केलं नव्हतं. ‘असेल आठ-नऊ किलो’ म्हणत एक गोळी भाकरीत दडवून दिली आणि काम झालं समजून मोकळी झाले. तीन-चार आठवड्यांनी तिच्या गोधडीवर वाळलेल्या तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पुन्हा दिसलं. मी दुकानदाराशी भांडून आले, गोळी बनावट आहे म्हणून. गोळी अस्सल होती. वजन केलं तर चिंगी साडेबारा किलोंची निघाली, आणि तिच्या अंगावर पिसवांचं गोकुळ नांदत होतं. त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

जंतांची गोळी झाडूसारखी असते. आज पोटात जो केर आहे तो निघतो, उद्या उंबऱ्यातून येणारा केर ती अडवत नाही. लस टोचली की वर्षभर निश्चिंत, तसं इथे नाही. नेहमीच्या गोळ्यांमधलं औषध दोन-तीन दिवसांत अंगातून निघून जातं, आणि चौथ्या दिवशी कुत्र्याने अंगणातली माती चाटली की नवा हिशेब सुरू. म्हणून या लेखात गोळीइतकंच वजनकाटा, पिसवा आणि शी उचलायचं खोरं यांच्याबद्दलही वाचायला मिळेल.

औषधांची प्रमाणं खाली दिली आहेत ती डॉक्टर काय लिहून देतात ते तुम्हाला समजावं यासाठी. पहिला डोस तरी डॉक्टरांना दाखवूनच द्या.

गोळीआधी कुत्र्याकडे नीट बघा

जंत झालेलं पिल्लू ओळखायला फार अक्कल लागत नाही. फासळ्या मोजता येतात, पाठीचा कणा हाताला लागतो, आणि पोट मात्र जेवणाआधीही नगाऱ्यासारखं तट्ट. केस निस्तेज, मधूनच पातळ शी, कधी उलटीत एखादा जिवंत जंत. मोठ्या कुत्र्यात मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही. खातंय, पितंय, उड्या मारतंय, आणि पोटात जंत आहेत. ‘आमच्याला काही त्रास नाही’ हे वाक्य म्हणूनच फारसं कामाचं नाही.

वरचा ओठ उचलून हिरड्या बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबली की पांढरी पडते आणि एक-दोन सेकंदांत परत गुलाबी होते. हिरड्या फिक्या, पांढुरक्या असतील आणि शी डांबरासारखी काळी, चिकट असेल, तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. अशा पिल्लाला घरी औषध देत बसू नका. त्याला औषधाइतकाच आधाराचा उपचार लागतो, कधी रक्तसुद्धा चढवावं लागतं.

आणखी एक गल्लत जिवावर बेतते. लस न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘जंत झाले असतील.’ असतीलही. पण पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असण्याची शक्यता तेवढीच आहे, आणि पार्वोत एक रात्र वाट बघणं म्हणजे पिल्लू गमावणं. तेव्हा गोळी बाजूला ठेवा आणि रिक्षा बोलवा.

बूड जमिनीला घासत चालणं हे जंतांचं लक्षण म्हणून सगळीकडे सांगितलं जातं. बऱ्याच वेळा ते शेपटीखालच्या गुदग्रंथी भरल्याचं लक्षण असतं. गोळी देऊनही घासणं थांबलं नाही तर दुसरी गोळी देऊ नका, त्या ग्रंथी दाखवून घ्या.

वजन

या सगळ्या कामातली ही सगळ्यात सोपी पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. घरात माणसांचा वजनकाटा असेल तर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून. मी एकटी ६१.४, चिंगीसह ७३.९, म्हणजे चिंगी १२.५ किलो. पिल्लू असेल तर स्वयंपाकघरातला काटा आणि वर एक टोपली. काटाच नसेल तर किराणा दुकानात गर्दी नसताना जा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आजवर चार पिल्लं तराजूत बसवून दिली आहेत आणि दर वेळी पिल्लाचा भाव विचारला आहे.

पिल्लाचं वजन दर डोसला नव्याने करा. दोन आठवड्यांत ते दीडपट होतं. मागच्या वेळी १ मिली दिलं म्हणून आताही १ मिली, हा अर्धवट डोस झाला. अर्धवट डोसात अशक्त जंत मरतात आणि चिवट उरतात.

पोटात कोण कोण असतं

सगळ्या जंतांना एकच औषध चालत नाही, म्हणून ही ओळख हवी.

पिल्लांमध्ये सगळ्यात जास्त सापडतात ते गोलकृमी. उकडलेल्या शेवयांसारखे, पांढरट, १०-१५ सेंटीमीटर लांब. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. पिल्लू तर अजून घराबाहेर पडलेलं नाही, मग याला जंत कुठून, असा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. उत्तर आईत आहे. मोठ्या मादीच्या स्नायूंमध्ये या जंतांच्या अळ्या वर्षानुवर्षं झोपून राहतात. ती गाभण राहिली की शेवटच्या तीनेक आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून थेट गर्भातल्या पिल्लात शिरतात. म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं. काही अळ्या दुधातूनही जातात. आईला नेहमीची गोळी देऊन या झोपलेल्या अळ्या मरत नाहीत, त्यामुळे ‘आईला औषध दिलं होतं’ हे विकणाऱ्याचं आश्वासन खरं असलं तरी पिल्लाला औषध लागतंच.

दुसरे अंकुशकृमी. जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचे, शीत सहसा दिसत नाहीत, पण आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून रक्त पितात. काळी शी आणि फिक्या हिरड्या यांच्यामुळेच. हे आईच्या दुधातून येतात, तोंडावाटे येतात, आणि ओल्या मातीतल्या त्यांच्या अळ्या पंजांच्या कातडीतूनही आत शिरतात. उबदार, दमट, सावलीची माती त्यांना मानवते. म्हणजे आपल्याकडचा पावसाळा हा त्यांचा सुगीचा काळ.

तिसरे पट्टकृमी. चिंगीच्या गोधडीवर होते ते हेच. लांब फितीसारखा जंत आतड्याला चिकटून असतो आणि त्याचे शेवटचे तुकडे सुटून बाहेर पडतात. ताजे असताना काकडीच्या बीएवढे आणि चक्क हलणारे, वाळले की तांदळाच्या कणीसारखे. शेपटीखालच्या केसांत चिकटलेले दिसतात. हा जंत मातीतून येत नाही, पिसवेतून येतो. पिसवेची अळी त्याची अंडी खाते, ती मोठी पिसू होते, आपलं कुत्रं खाजवता-खाजवता ती पिसू चावून गिळतं, आणि तीनेक आठवड्यांत पट्टकृमी तयार. गोळीनंतर ‘परत झाले’ अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच जंताची, आणि गुन्हेगार गोळी नसून पिसू असते.

पट्टकृमींचा एक धोकादायक भाऊबंदही आहे. तो जेमतेम काही मिलिमीटरचा, डोळ्यांना सहज न दिसणारा. मेंढ्या-बकऱ्यांच्या काळजात, फुफ्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी असतात. ते कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला तो होतो आणि त्या कुत्र्याच्या शीतली अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी वाढतात. कधीकधी शस्त्रक्रियेशिवाय सुटका नसते. मेंढपाळांच्या कळपाबरोबरची कुत्री आणि मटणाच्या दुकानामागे टाकलेल्या अवयवांवर जगणारी कुत्री यांना हा धोका सगळ्यात जास्त. घरच्या कुत्र्याला काळीज द्यायचंच तर पूर्ण शिजवून द्या. त्यात त्याचं काही बिघडत नाही.

चौथा चाबूककृमी, मोठ्या आतड्यात राहणारा. शीच्या शेवटी शेंबडासारखा चिकट पदार्थ, कधी रक्ताचा थेंब, महिनोन्महिने चालणारी कुरबुर. याची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि जंत पूर्ण वाढायला तीनेक महिने घेतो, त्यामुळे उपचार एका दिवसात संपत नाही, डॉक्टर महिन्या-महिन्याने डोस देतात.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे जंत नव्हेतच, एकपेशी परजीवी आहेत. कॉक्सिडियावर जंतांची गोळी चालत नाही, आणि जिआर्डियाला एका दिवसाची गोळी पुरत नाही. दोनदा औषध देऊनही पिल्लाची शी पातळच राहिली तर तिसरी गोळी न देता शी तपासायला न्या.

शीची तपासणी

कठीण काही नाही. सकाळची ताजी शी, सुपारीएवढी, स्वच्छ झाकणाच्या डबीत, वर नाव आणि तारीख. शक्यतो त्याच दिवशी पोचवा, तोपर्यंत थंड जागी ठेवा. (फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर घरातल्यांना सांगून. आमच्याकडे एकदा सासूबाईंनी ती डबी लोणच्याची समजून उघडली होती.) मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात शी कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पट्टकृमीची अंडी यात पुष्कळदा सापडत नाहीत, म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’ असला तरी गोधडीवरच्या कण्यांचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

गोळीच्या पट्टीवर काय वाचायचं

दुकानात पाच नावांच्या पट्ट्या समोर ठेवतील. नावाकडे बघू नका, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. बहुतेक पट्ट्यांवर हीच तीन-चार नावं फिरून फिरून येतात.

पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींना लुळं करतं. आतड्याला धरून ठेवायची ताकद गेली की ते शीबरोबर बाहेर पडतात, कधी वळवळत. प्राझिक्वांटेल फक्त पट्टकृमींसाठी. ते जंताचं कातडंच फोडतं, जंत आतड्यातच पचून जातो, त्यामुळे बाहेर काही पडलं नाही तरी औषध लागू पडलेलं असतं. फेबँटेलचं पोटात गेल्यावर फेनबेंडाझोल होतं, ते जंताची उपासमार करतं आणि चाबूककृमीवरही चालतं.

तिन्ही एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाते. तिच्यात सहसा प्राझिक्वांटेल ५० मिलिग्रॅम, पायरँटेल पामोएट १४४ मिलिग्रॅम आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम असतं. ही १० किलो वजनाला एक गोळी. पाच किलोपर्यंत अर्धी, पाच ते दहा एक, दहा ते पंधरा दीड, पंधरा ते वीस दोन. साडेबारा किलोंच्या चिंगीला दीड गोळी हवी होती, मी एक दिली होती. याच औषधाची मोठ्या कुत्र्यांसाठी जाडजूड गोळीही मिळते, ती ३५ किलोला एक असते. दोन्हींची नावं जवळजवळ सारखी. ‘मोठी आणली, तीच मोडून देऊ’ असं करू नका, घरी तिचे सात समान तुकडे होत नाहीत.

लहान पिल्लांसाठी पातळ औषध येतं. त्यात बहुधा पायरँटेल आणि फेबँटेल असतं, आणि १ किलोला १ मिली हे प्रमाण सर्रास आढळतं. पण तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, कारण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. १.८ किलोच्या पिल्लाला १.८ मिली. या पातळ औषधात बऱ्याचदा प्राझिक्वांटेल नसतं. म्हणजे पिल्लावर पिसवा असतील आणि शेपटीखाली कण्या दिसत असतील तर नुसती बाटली पुरणार नाही, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

फेनबेंडाझोल एकटंही देतात, किलोला ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, जेवणाबरोबर. ‘एका दिवसात पोट साफ झालं’ म्हणून दुसऱ्या दिवशी बंद केलं तर उपयोग नाही.

गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तिच्यासाठी वेगळं औषध, वेगळे दिवस ठरवतात.

जे देऊ नये

मुलांच्या शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला, अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. घरात एखादी उरलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, ‘माणसाला चालते, कुत्र्याला काय होणार?’ कुत्र्यांमध्ये अल्बेंडाझोलने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. सुरक्षित औषधं सहज मिळत असताना हा जुगार कशाला?

गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हा गावाकडचा दुसरा उद्योग. गोठ्यात बाटली असतेच, गोचिडांवर चालतं, जंतांवर चालतं, म्हणून अंदाजाने कुत्र्याला टोचतात. बैलाच्या वजनासाठी बनवलेल्या औषधात कुत्र्यासाठी अंदाजाला जागा नाही. शिवाय कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. मिश्र रक्ताच्या कुत्र्यात तो दोष आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही.

लसूण देऊ नका. जंतांवर रामबाण म्हणून लसणाची पाकळी चारणारे पुष्कळ आहेत. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आधीच अंकुशकृमींनी रक्त प्यायलेल्या पिल्लाला लसूण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हळद, कारल्याचा रस, वावडिंग, पपईच्या बिया यांचं काय? आजीने आम्हा मुलांना वावडिंगाचं पाणी पाजलेलं आठवतं, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण कुत्र्याच्या पोटातले अंकुशकृमी त्याने जातील या भरवशावर मी पंधरा दिवस घालवणार नाही. आणि हो, गूळ-साखर खाल्ल्याने जंत होत नाहीत. गोड देऊ नये त्याची कारणं वेगळी आहेत.

कधी आणि किती वेळा

पिल्लांना दोन आठवड्यांचं वय झाल्यापासून सुरुवात: दुसरा, चौथा, सहावा, आठवा आठवडा. दूध पाजणाऱ्या आईचंही औषध त्याच सुमाराला, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कारण पिल्लांची शी चाटून साफ करताना तिला तेच जंत होतात. मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. पुढे दर तीन महिन्यांनी. कच्चं मांस खाणाऱ्या, शिकार करणाऱ्या किंवा कळपाबरोबर हिंडणाऱ्या कुत्र्याला पट्टकृमीचं औषध याहून लवकर, चार ते सहा आठवड्यांनी लागू शकतं.

दर दोन आठवड्यांनी पुन्हा का, हे कळलं की माणूस डोस चुकवत नाही. औषध फक्त आतड्यातल्या जंतांना गाठतं. त्याच वेळी काही अळ्या यकृतातून फुफ्फुसाकडे प्रवासात असतात. त्या श्वासनळीतून वर येतात, पिल्लू खोकतं आणि गिळतं, आणि मग त्या आतड्यात येऊन मोठ्या होतात. पहिल्या डोसच्या दिवशी त्या रस्त्यात होत्या म्हणून वाचल्या. दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो.

पिल्लू साधारण दीड महिन्याचं झाल्यावर लोक घरी आणतात. आणताना विचारा: आतापर्यंत कोणतं औषध, कोणत्या तारखांना, किती? उत्तर ‘सगळं झालंय’ एवढंच आलं तर काहीच झालेलं नाही असं समजा. पिल्लू खेळतंय, खातंय तर एक-दोन दिवस रुळू द्या आणि डॉक्टरांकडे न्या. पहिल्या लसीच्या साधारण आठवडाभर आधी जंतांचा डोस व्हावा असं बरेच डॉक्टर बघतात, पण जंतांपायी लस महिनाभर लांबवू नका.

तीन महिन्यांचं गणित लक्षात राहत नाही ही सगळ्यांचीच रड. आमच्या घरी मी ते सणांना बांधून टाकलंय: गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. चारही सण साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात, आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतं. कालनिर्णयवर त्या चौकोनात चिंगीचं वजन आणि ‘दीड गोळी’ एवढं लिहिलेलं असतं.

गोळी घशाखाली कशी उतरवायची

पूर्वी कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवून, वर एरंडेल पाजायची पद्धत होती. आताच्या तीन घटकांच्या गोळीला उपास लागत नाही, एरंडेल तर नाहीच. खाण्यातून दिलेली चालते.

खाण्याची युक्ती अशी. सारखे तीन घास करा: पनीर, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक किंवा शिजवलेल्या चिकनचा तुकडा. पहिला घास रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. प्राझिक्वांटेल कडू असतं, त्यामुळे गोळी कुटून दुधात किंवा दहीभातात कालवू नका. पहिल्या चाटेतच कळतं, आणि मग आठवडाभर दहीभाताकडेही संशयाने बघतात. बेसनाच्या लाडवातून द्यायचा मोह टाळा, त्यात बेदाणा असतो आणि बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चॉकलेटही नाही.

घासाला दाद देत नसेल तर हाताने. कुत्र्याची पाठ भिंतीकडे किंवा तुमच्या गुडघ्यांमध्ये, एका हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागे धरून डोकं किंचित वर, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या मागच्या उतारावर ठेवा. टोकावर ठेवलीत तर पुढच्या क्षणी ती फरशीवर असेल. तोंड मिटून धरा, गळ्यावरून खाली हात फिरवा. जीभ बाहेर काढून नाक चाटलं की गिळली. तरीही दोन मिनिटं नजर ठेवा. गालात गोळी दाबून ठेवून पलंगाखाली नेऊन टाकण्यात आमची बाईसाहेब वाकबगार आहे.

पातळ औषध आधी बाटली नीट हलवून, सुई काढलेल्या २ किंवा ५ मिलीच्या सिरिंजमध्ये घ्या. पिल्लाचं डोकं मागे ताणू नका. सिरिंजचं टोक गाल आणि दात यांच्या मधल्या खिशात, आणि थेंबाथेंबाने. भसकन सोडलं तर औषध श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

नंतरचे दोन दिवस

तोंडाला थोडा फेस, लाळ, एखादी उलटी, एक-दोन वेळा पातळ शी, हे चालण्यासारखं. दिल्यानंतर लगेच उलटी झाली तर त्यात गोळी दिसते का बघा आणि डॉक्टरांना फोन करून मगच परत द्या. शीत शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, त्यासाठीच दिली होती. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला दोन दिवस शेवयांची खीर खाववली नव्हती.

खूप जंत असलेल्या छोट्या पिल्लात एकदम सुटलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. सतत उलट्या, पोट दुखतंय म्हणून कण्हणं, पोट आणखी फुगणं, शी बंद, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. चक्कर, थरथर, चेहऱ्यावर सूज आली तरीही तेच.

योग्य वजनाला योग्य डोस देऊनही काळी शी थांबत नसेल तर साधारण दोन आठवड्यांनी शी पुन्हा तपासा. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये वर्षानुवर्षं सतत औषधं देऊन अंकुशकृमी एकाहून अधिक औषधांना दाद देईनासे झाले आणि ती कुत्री घरोघरी दत्तक गेल्यावर ते पसरले. मनानेच दर पंधरवड्याला गोळी देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पिसवा, शी आणि अंगण

पट्टकृमीची गोळी आणि पिसवांचं औषध एकाच आठवड्यात व्हायला हवं. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या, त्यांची अंडी, अळ्या आणि कोश गोधडीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, फटी झाडून काढा, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी पिसवांचं औषध लावा. मांजरासाठी मात्र मांजराचंच. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

शी रोज उचला. यामागे कारण आहे: गोलकृमीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर लगेच लागण करू शकत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात. अंकुशकृमींच्या अळ्या मात्र आठवडाभरात तयार होतात. म्हणजे रोज उचललीत तर दोघांनाही संधीच मिळत नाही. तीच शी पावसात विरघळू दिलीत तर गोलकृमीची अंडी त्या मातीत काही वर्षं टिकून राहतात. फिनेलने ती मरत नाहीत, उकळतं पाणी फरशीवर चालतं. उचललेली शी परसातल्या खतात टाकू नका, विशेषतः तिथेच पालक-मेथी लावत असाल तर.

घरातली माणसं

कुत्र्याला कुरवाळल्याने लगेच जंत होतात, म्हणून पिल्लू सोडून द्या, असा सल्ला देणारा शेजारी प्रत्येकाला असतो. ताज्या शीतली गोलकृमीची अंडी लगेच लागण करू शकत नाहीत हे त्याला सांगा. खरा धोका जुन्या, दूषित मातीचा. मातीत खेळून हात तोंडात घालणारं मूल ती अंडी गिळतं, अळ्या त्याच्या यकृतात, फुफ्फुसात भटकतात, क्वचित डोळ्यात जाऊन नजरेला इजा करतात. मातीत खेळून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, नखं कापलेली ठेवणं, वाळूचा खड्डा असेल तर रात्री झाकणं.

अंकुशकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. पावसाळ्यात चिखलातून किंवा किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून अनवाणी हिंडल्यावर पायावर प्रचंड खाजणारी, दिवसागणिक पुढे सरकणारी नागमोडी लाल रेघ उठली तर ती हीच. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि घरात कुत्रं आहे हेही सांगा.

गल्लीतली पिल्लं

पार्किंगमध्ये किंवा गल्लीत मादी व्यायली की दूध-पोळी घालणारे चार हात पुढे येतात, जंतांचं औषध मात्र कुणी देत नाही. खरं तर पोळीचा अर्धा वाटा जंतच खातात. चार पिल्लांना पुरेल एवढी बाटली फार महाग नसते, सोसायटीतल्या तीन घरांत खर्च वाटून जातो. पिल्लांना उचलून भाजीच्या पिशवीत एकेक घालून काटा करा. आई जवळ असेल तर एकाने तिला बिस्किटांवर लांब गुंतवून ठेवा, नाहीतर ती चावेल आणि तिचं काही चुकलेलं नसेल. ज्याला औषध दिलं त्याच्या कपाळावर हळदीचा टिळा लावा. सगळी पिल्लं सारखी दिसतात, आणि तांबड्याला दोनदा आणि काळ्याला एकदाही नाही असं आमच्याकडे झालेलं आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा जा, तोवर ती तुम्हाला ओळखून पळायला शिकलेली असतील, म्हणून त्या दिवशी पिशवी जरा मोठी न्या.